झिरो माईलच्या खांबावर ठेवलेला हात

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते आणि, राग मानू नका, वाचून हसते. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणी येऊन बसतं... मी नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवरच्या एका गोदामात स्टोअर्स सांभाळते. बावीस वर्षं झाली. ट्रक येतात, माल उतरतो, मी मोजते. आमचा नियम एकच — जे रजिस्टरमध्ये आहे ते रॅकवर असलं पाहिजे आणि जे रॅकवर आहे ते रजिस्टरमध्ये. भूतखेत हा माल मला दोन्हीकडे कधी सापडला नाही, त्यामुळे माझ्यापुरता तो विषय बंद होता.

आताही माझा दावा मोठा नाही. मला कोणी दिसलं नाही, कोणी हाक मारली नाही. अंगावर काटा आला तोसुद्धा दोन दिवसांनी, घरात, कॉम्प्युटरसमोर. पण एक नोंद जुळत नाहीये. मला सुचले तेवढे सगळे मार्ग वापरून झाले. म्हणून इथे लिहिते आहे, कुणाला जुळवता आली तर बघा.

जागा — नागपूर, झिरो माईल. वेळ — जानेवारीतला रविवार, सकाळी आठ वाजून काही मिनिटं, स्वच्छ ऊन. हजर — मी, माझे वडील आणि तिथे झाडू मारणाऱ्या एक मावशी.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. झिरो माईल म्हणजे इंग्रजांच्या काळात जमिनीच्या मोजणीसाठी उभा केलेला दगडी खांब. पायथ्याशी कुठलं गाव किती मैल ते कोरलेलं, शेजारी उधळलेल्या चार घोड्यांचे पुतळे, भोवती थोडी बाग आणि रेलिंग. देशाचा मध्य इथेच, असं आम्हाला शाळेत शिकवतात. पुढे आयुष्यभर आम्ही त्याच्याकडे बघत नाही, गाडीवरून वळसा घालून जातो.

माझे बाबा मात्र आयुष्यभर त्याच्याकडेच बघत आले. ते फोटोग्राफर. सक्करदऱ्याला त्यांचा छोटा स्टुडिओ होता. लग्नं-मुंजी तर होत्याच, पण वर्तमानपत्रं, कॅलेंडरवाले, लकडगंजच्या व्यापाऱ्यांच्या दिवाळीच्या डायऱ्या — सगळ्यांना फोटो बाबांचे जात. बातमी उन्हाची असो, थंडीची असो की मोर्चाची, फोन ठरलेला असे, "एक झिरो माईल टाकून द्या." चाळीस वर्षं तो एकच खांब. आणि बाबांची एक अट सगळ्या शहराला माहीत होती — कापायचं नाही, जोडायचं नाही. डार्करूममध्ये दोन निगेटिव्ह एकावर एक ठेवून रिकाम्या आकाशात ढग भरणारे लोक तेव्हाही होते. बाबांच्या आकाशात ढग नसले तर नसले. "जे होतं ते आलं," एवढंच ते म्हणत.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग जातो आहे. हा आजार विचित्र आहे. कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. समोर माणूस उभा असला तर बाबांना त्याची चप्पल दिसते, त्याच्या मागचं दार दिसतं, दाराची कडीसुद्धा दिसते. चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. उजवा डोळा तर कामातून गेलाच होता. डाव्याबद्दल डॉक्टर डिसेंबरात म्हणाले, "काका, जे करायचं ते आता करून घ्या. उन्हाळ्याचं मी सांगू शकत नाही."

त्याच आठवड्यात ढोबळे काकांचा फोन आला. बाबांचे जुने दोस्त आणि तितकेच जुने प्रतिस्पर्धी. शहरातल्या म्हाताऱ्या फोटोग्राफरांचं ते एक लहानसं प्रदर्शन भरवत होते. सगळ्यांना जागा एकच, झिरो माईल. प्रत्येकाचा एक फोटो. अटी दोन. तसा फोटो आजवर कोणी काढलेला नको, आणि कॉम्प्युटरवर काही केलेलं चालणार नाही.

फोन स्पीकरवर होता.

"तुले आता काही जमणार नाही म्हणा," ढोबळे काका म्हणाले, "पण नाव टाकू का?"

"टाक ना गा. डोळे असून तू कोणते दिवे लावले?"

दोघंही मनसोक्त हसले. फोन ठेवल्यावर मात्र बाबा बराच वेळ चष्मा पुसत बसले. त्या चष्म्याचा त्यांना काही उपयोग नाही, तरी पुसतात.

"वैशाली, एक फोटो पाहिजे वं," ते म्हणाले. "शेवटचा. पण नवा पाहिजे. जुनाच परत काढून देला तर लोक म्हणतील, आंधळ्यानं अंदाजानं काढला. तसं नाही जायचं मले."

झालं. मी वही काढली. माझं असंच आहे, काळजी वाटली की मी यादी करते. झिरो माईलचे आजवर पाहिलेले सगळे फोटो आठवले, ते सोडून उरलेल्या कल्पना लिहिल्या. वीस निघाल्या. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी घडीचं स्टूल, पाण्याची बाटली आणि वही घेऊन आम्ही पोचलो. बाबांना स्टुलावर बसवलं आणि वाचायला सुरुवात केली.

"एक. घोड्याच्या पायांमधून, जमिनीलगत."

"झाला. पोटावर झोपून काढला. पँट फाटली, तुयी आई बोलली मले दोन दिवस."

"दोन. घोडे आणि मागून जाणारी मेट्रो एका फ्रेममध्ये."

"मेट्रो सुरू झाली त्या हप्त्यात अर्ध्या नागपूरनं काढला तो."

"तीन. समोर संत्रीवाला —"

"संत्री नको!" बाबा स्टुलावरून उठायलाच लागले. "संत्रीवाला अन् झिरो माईल! याच्यापुढं काही सुचतच नाही का वं या गावाले?"

"बरं. चार. खांब नको, नुसती सावली."

"ते ढोबळ्यानं काढलं. बक्षीसही घेतलं. सावलीचं."

झाडू मारणाऱ्या मावशी हे सगळं ऐकत होत्या. जवळ येऊन मला म्हणाल्या, "काहून वं बाई, मोजणी करून राहिले का सरकारी?"

"नाही मावशी, फोटो काढायचा आहे."

"याचा?" त्यांनी खांबाकडे बघितलं. "याचा काय काढता? हा तर रोजच इथं राहते."

विसापैकी सतरा कल्पना होऊन गेलेल्या निघाल्या. दोन शक्य नव्हत्या, त्यातल्या एकीला हेलिकॉप्टर लागलं असतं. आणि विसावीवर बाबा फक्त "हट्" म्हणाले. मी वही मिटली. बाबा मान इकडे तिकडे करत बसले होते. मला वाटलं, मान आखडली. तेवढ्यात ते म्हणाले —

"वैशाली, एक गंमत पाहून राहिलो मी. खांबाकडे सरळ पाहिलं ना, तर खांब जाते. घोडे राहते, रेलिंग राहते, तू राहते. खांब तेवढा नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना बाबा..."

"ऐक ना वं. म्हणजे खांब गेला की समजायचं, तो बरोबर मधात आला. याच्यावर नेम धरता येते! कोणाले पहिले खांब दिसते, मंग ते फोटो काढते. मी खांब जाईपर्यंत थांबीन, मंग काढीन."

यातून फोटो नवा कसा निघणार ते मला कळलं नाही. काढणाऱ्याची तऱ्हा नवी असली तरी कॅमेऱ्याला त्याचं काय? पण कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज स्टुडिओतल्यासारखा झाला होता. मी नवीन पान उघडलं आणि वरती लिहिलं: "पुढचा रविवार — तयारी."

तयारी सगळी माझी, म्हणून इथे नीट सांगते. कॅमेरा बाबांचा जुना डिजिटल, साध्या लेन्सचा. फोनसारखा फोटोतून माणसं पुसणारा वगैरे प्रकार त्यात नाही. आपोआप होणाऱ्या फोकसवर बाबांनी कधी भरवसा ठेवला नाही. त्यांची पद्धत जुनी. मदतनीसाने ज्याचा फोटो त्याला हात लावून उभं राहायचं, टेपने अंतर मोजायचं, लेन्सच्या रिंगवर तेवढे फूट लावायचे. शाळेच्या सुट्टीत हे काम माझं असे. मी गावातल्या किती पुतळ्यांना हात लावून उभी राहिले आहे त्याची यादी मात्र नाही.

दुसऱ्या रविवारी अंतर भरलं एकतीस फूट. मी रिंग लावली आणि हलू नये म्हणून चिकटपट्टी मारली. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती खडूने गोल काढले. कॅमेरा वरती थोडा फिरेल एवढा सैल ठेवला, कारण नेम बाबा धरणार होते. सगळं वहीत लिहिलं आणि खांबाजवळ जाऊन, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहिले. उजवा हात लांब करून खांबावर ठेवला.

"पूर्ण तळवा लाव," बाबा तिकडून ओरडले. "बोटं नको लावू नुसती."

मी पूर्ण तळवा लावला. दगडावर ऊन आलेलं होतं, तो कोमट लागला. खरखरीत. हात काढल्यावर तळव्याला बारीक रेती चिकटलेली होती, ती मी कुर्त्याला पुसली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. गोदामात मोजणी करताना आम्ही डोळ्यांवर जात नाही — खोक्याला हात लागल्याशिवाय टिक नाही. त्या खांबाला माझा हात लागलेला होता.

बाबांनी डावा डोळा कॅमेऱ्याला लावला.

"अजून आहे थोडा..." क्लिक. "थांब. हलू नको वं."

मागून एक बस गेली. मावशींचा झाडू चालू होता. बाबा केसाएवढा कॅमेरा फिरवत होते.

"गेला!" क्लिक.

मग जरा वेळाने, "एक अजून घेतो... नाही, आता दिसून राहिला थोडा." क्लिक.

तीन फोटो, सगळे मिळून एका मिनिटाच्या आत. मी वहीत तीन वेळा टिक केली. बाबांचा चेहरा लाल झाला होता. "मधला," ते म्हणाले, "मधला पाहजो." तिथे उन्हात पडद्यावर काही दिसत नव्हतं. घरी आलो. सोमवारी गोदामात महिनाअखेरची मोजणी होती, म्हणून कार्ड कॉम्प्युटरला लावायला मंगळवारची संध्याकाळ उजाडली.

पहिला फोटो ठीक होता. मधोमध खांब, डावीकडे घोडे, त्यांच्या अलीकडे मावशी अर्ध्या, उजवीकडे पिवळ्या कुर्त्यात मी, खांबाला हात लावून.

तिसराही तसाच.

दुसऱ्या फोटोत खांब नाही.

मी आधी खुर्ची पुढे ओढली. मग चष्मा बदलला. घोडे जागच्या जागी, मावशी आणि त्यांचा झाडू जागच्या जागी, रेलिंग, गवत, मी. मधोमध, जिथे खांब असायला हवा तिथे... धूसर काही नाही, डाग नाही, पुसल्याची खूण नाही. सरळ मागचा फुटपाथ आणि रस्ता, लख्ख. जमिनीवर सावली मात्र आहे. माझी सावली आणि तिच्या शेजारी खांबाची जाड, लांब सावली, माझ्या हाताची सावली तिला जाऊन मिळालेली. आणि वर माझा हात हवेत. तळवा सपाट दबलेला, बोटांची टोकं पांढरी पडलेली, जशी कशावर तरी जोराने टेकल्यावर पडतात तशी. त्या हातापुढे काहीच नाही.

मी संजयला, माझ्या नवऱ्याला, हाक मारली. घरातलं कॉम्प्युटरचं सगळं तोच बघतो.

"तूच काही तरी दाबलं असशील वं," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

"काय दाबलं असेन?"

"आता ते मले काय माहीत."

मग बसला आणि दोन तास उठला नाही. कार्डावरची मूळ फाइल उघडली, तिला कोणी हात लावलेला नव्हता. तिन्ही फोटो एकावर एक ठेवून पाहिले. कॅमेरा बोटभरही सरकलेला नव्हता, घोडे घोड्यांवर बसत होते. दोन फोटो एकात मिसळले असतील म्हणावं, तर बिनखांबाचा फोटो मिसळायला आणायचा कुठून? कार्ड बिघडलं म्हणावं, तर बिघडलेलं कार्ड रंगांचे पट्टे दाखवतं, मागचा रस्ता काढून देत नाही. संजयने शेवटी मधला भाग मोठा केला आणि म्हणाला, "हे काय लिहिलंय?"

फुटपाथवर विजेची डीपी होती, लोखंडी पेटी. तिच्यावर एक पांढरा कागद चिकटवलेला. मोठ्या अक्षरांत "किरायाने", खाली बारीक काही. कागदाचा उजवीकडचा खालचा कोपरा फाटून लोंबत होता.

"हे आम्हाला तिथून दिसत नव्हतं," मी म्हटलं.

"कसं दिसेल? समोर खांब होता." एवढं बोलून संजय थांबला. मग उठला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "हे माझ्या कॉम्प्युटरमध्ये नको ठेवू. पेनड्राइव्हवर घे." काटा आला म्हणाले ना, तो या वाक्याला.

बाबा दिवसातून चारदा विचारत होते. "कसा आला वं मधला?" मी सांगितलं, कार्ड रीडर बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय. बाबांशी मी कधी खोटं बोलले नव्हते. पण त्यांना काय सांगायचं तेच माझं ठरत नव्हतं. खांब नाही म्हटलं तर ते म्हणतील नेम चुकला, आणि तो चुकलेला नव्हता.

तिसऱ्या रविवारी मी एकटी गेले. खडूचे गोल पुसट राहिले होते. त्यांच्या मध्ये, कॅमेऱ्याच्या उंचीवर डोळे आणून उभी राहिले. समोर खांब. डीपी दिसत नाही. डावीकडे दोन पावलं सरकले, तेव्हा खांबाच्या कडेने पेटी दिसली. तिच्यावर पांढरा कागद. किरायाने. उजवीकडचा खालचा कोपरा फाटलेला.

परत गोलात आले. खांब. पुन्हा बाजूला, कागद. असं मी किती वेळा केलं असेन... मावशी झाडू थांबवून बघत होत्या.

"मावशी, मागच्या रविवारी आम्ही फोटो काढत होतो. तेव्हा हा खांब इथेच होता ना?"

त्यांनी मला नीट खालीवर बघितलं. "खांब कुठं जाईन वं बाई? त्याले काय ड्युटी आहे?" मग जरा काळजीने, "काही खाऊन आले का घरून?"

मी घरी येऊन सरळ बाबांसमोर बसले. गोदामात फरक निघाला की तो लपवणाऱ्याला मी स्वतः खडसावते, आणि आठवडाभर मी तेच करत होते. म्हणून पेनड्राइव्हवरून काढून आणलेला प्रिंट हातात धरला आणि डावीकडून उजवीकडे वाचून दाखवला.

"डावीकडे मावशी, अर्ध्या. झाडू पूर्ण. मग घोडे. उजवीकडे मी. फोकस पक्का आहे, माझ्या कुर्त्याची बटणं मोजता येतात."

"अन् मधात?"

"मधात मागचा रस्ता दिसतो, बाबा. एक डीपी आहे, तिच्यावर कागद चिकटवलेला आहे."

"खांब?"

"खांब नाही."

"म्हणजे माया नेम चुकला."

"नेम बरोबर मधोमध आहे. खांबाची सावली आहे. माझा हात टेकलेला आहे. फक्त खांब आलेला नाही."

"कापला तू?" हा प्रश्न त्यांनी ज्या आवाजात विचारला, तो आवाज मी लहानपणी एकदाच ऐकला होता.

"नाही."

"संजयनं?"

"नाही. त्याला तर तो फोटो कॉम्प्युटरमध्येसुद्धा नकोय."

"देवाची शपथ नको घेऊ. तुया रजिस्टरची घे."

"रजिस्टरची शपथ, बाबा."

ते मागे टेकले. मला वाटलं होतं ते घाबरतील, किंवा हसतील. ते गोंधळले होते, माझ्याइतकेच. "मले तसाच दिसला होता," ते हळू म्हणाले. "घोडे, तू, अन् मधात काही नाही. पण कॅमेऱ्याले काहून तसं दिसन वं? त्याचे डोळे तर चांगले आहे."

खरं तर त्यांच्या त्या राखाडी डागाच्या जागीही त्यांना कधी मागचा रस्ता दिसत नाही. कागद तर नाहीच. तेही मी विचारून घेतलं.

"नवा तर आहे," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"नवा आहे."

"असा कोणीच नाही काढला आजवर."

"कोणीच नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते क्षणभरच होतं, पण मी बघितलं. मग ते म्हणाले, "देता येत नाही."

मी वाद घातला. माझी वही आहे, टेपची मोजणी आहे, मूळ फाइल आहे, मी साक्षीदार म्हणून सही करते. बाबा ऐकून घेत होते, नुसते मान हलवत होते. "चाळीस वर्षं मी आकाशात एक ढग नाही जोडला," ते म्हणाले. "अन् शेवटच्या फोटोतून अख्खा खांब गायब? लोक म्हणतील, डोळे गेल्यावर पोरीनं कॉम्प्युटरवर करून देलं. तुया वहीले कोण पाहते?"

"मग पहिला देऊ या. नाही तर तिसरा. दोन्ही छान आलेत."

"ते जुने आहे. त्यात खांब आहे."

त्यांनी मला ढोबळे काकांचा नंबर लावायला सांगितला.

"माया फोटो नाही येत गा या वेळी."

"काहून? काय झालं?"

"खांब नाही आला."

तिकडे ढोबळे काका खोखो हसले. "म्हणलं होतं ना मी तुले! एवढा मोठा खांब, अन् तो चुकवला भाऊनं!" बाबाही हसले. पुष्कळ हसले. फोन ठेवला आणि पुन्हा तो चष्मा पुसायला घेतला. मला इतका राग आला होता की मी त्याच वेळी गाडी काढून प्रिंट ढोबळे काकांच्या टेबलावर आपटणार होते. बाबा म्हणाले, "बस वं. हसू दे. चुकवला म्हणतात ते बरं. कापला म्हणले असते तर?"

प्रदर्शन झालं. आम्ही गेलो नाही. काय काय लागलं होतं ते नंतर फोनवर कळलं. एकाने संत्रीवाला लावला होता.

फोटोबद्दल मी त्यानंतर दोन जाणकारांना विचारलं, बाबांचं नाव न सांगता. दोघांनीही फाइल उघडून बघितली आणि दोघांनीही मलाच विचारलं, "हे केलं कसं?" माझ्याकडे आजही तीन गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. तळव्याला लागलेली रेती, जमिनीवरची सावली आणि डीपीवरचा तो कागद. रेती आणि सावली सांगतात खांब होता, कागद सांगतो नव्हता; यातली एक बाजू खोटी धरली तर बाकीचं समजतं. पण कुठली धरू? तिन्ही मी स्वतः तपासल्या आहेत. तुमच्यापैकी कुणी कॅमेऱ्यातलं शिकलेलं असेल आणि साधं, कंटाळवाणं कारण सांगू शकत असेल, तर मला ते हवंच आहे. मी मानायला तयार आहे. मला फक्त कोणी अजून सांगितलेलं नाही.

आता ऊन तापायला लागलंय. बाबांचा डावा डोळाही बराच मंदावला आहे. तो प्रिंट मी फ्रेम करून त्यांच्या खुर्चीसमोर भिंतीवर लावला. फ्रेमची चौकट त्यांना अजून दिसते, कडेचे घोडे दिसतात, आणि एका बाजूला काहीतरी पिवळं आहे हे कळतं.

सकाळी चहा दिला की ते विचारतात, "आला का वं खांब?"

ते गंमतच करतात. उत्तर मला पाठ आहे, इथूनच देता येईल. तरी दर वेळी मी कप खाली ठेवते, उठून भिंतीपाशी जाते, फोटो नीट बघते आणि मगच सांगते, "नाही बाबा. अजून नाही."